बिल आहे का?

ही गोष्ट एका कीबोर्डची आहे, पण सुरुवात दीडशे रुपयांच्या एका वायफाय बोर्डापासून करावी लागेल.

२०१८ साल. मी इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. प्रोजेक्टसाठी ईएसपी८२६६ नावाचा बोर्ड हवा होता. लॅमिंग्टन रोडला गेले तर दुकानदार चारशेच्या खाली यायला तयार नव्हता. वर्गातल्या एका मुलाने फोनवर एक चिनी साईट उघडून दाखवली. तोच बोर्ड दीडशे रुपयांना, शिपिंग फुकट. फक्त सहा आठवडे थांबायचं. मी पाच बोर्ड मागवले.

तेव्हा आम्ही वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीत राहायचो. बाबा विक्रीकर खात्यात. १९८८ साली कारकून म्हणून लागले, तेव्हापासून वांद्र्याहून हार्बरने डॉकयार्ड रोड, तिथून माझगावचं विक्रीकर भवन, हा त्यांचा रोजचा रस्ता. २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला, खात्याचं नाव बदललं, रस्ता तोच राहिला. आयुष्यभर दुसऱ्यांची बिलबुकं तपासलेल्या माणसाच्या घरात राहण्याचा एक त्रास असतो. घरात काहीही नवीन आलं, अगदी छत्री जरी आली, तरी पहिला प्रश्न ठरलेला. "बिल आहे का?"

त्या बोर्डांचं पाकीट पोस्टमनकाकांनी आणून दिलं तेव्हा बाबा घरी होते. राखाडी प्लास्टिकचं पाकीट, त्यावर तळहाताएवढं लेबल. सीएन२२ म्हणतात त्याला. जगभरातल्या पोस्टखात्यांनी ठरवलेला हा छोटा कस्टम फॉर्म आहे. आत काय आहे, वजन किती, किंमत किती, आणि हे काय म्हणून पाठवताय: भेट, कागदपत्रं, नमुना की इतर. बाबांनी चष्मा वर करून ते लेबल पूर्ण वाचलं.

"गिफ्टवर टिक आहे. किंमत दोन डॉलर. कोण गिफ्ट देतंय तुला?"

"बाबा, ते असंच लिहितात सगळे."

"सगळे कोण?"

"शेन्झेनमधले."

बाबांनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि पुढे काही बोलले नाहीत. तेव्हा मला वाटलं, संपला विषय.

पुढची दोन वर्षं मी त्या राखाडी पाकिटांच्या नादात होते. आमचा पाच-सहा जणांचा कंपूच होता. ट्रॅकिंग नंबर कसा बनतो हेही आम्ही शोधून काढलं होतं. दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी देशाची दोन अक्षरं. नऊपैकी शेवटचा आकडा पडताळणीचा. आधीच्या आठ आकड्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, बेरजेला अकराने भागायचं, उरलेली बाकी अकरातून वजा करायची. उत्तर दहा आलं तर शून्य धरायचं, अकरा आलं तर पाच. विक्रेत्याने दिलेला नंबर या हिशोबात बसला नाही, तर तो खोटा. मी त्याची वीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली होती. तिने दोन लबाड विक्रेते पकडून दिले, तेव्हा मला फार शहाणं झाल्यासारखं वाटलं होतं.

दीडशे रुपयांची वस्तू चीनमधून वांद्र्यापर्यंत फुकट कशी येते, याचं उत्तरही गमतीदार आहे. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाच्या नियमांनुसार, पाठवणारा देश पोचवणाऱ्या देशाला दर पाकिटामागे ठरावीक पैसे देतो. विकसनशील देशांसाठी हे दर कमी ठेवलेले होते आणि त्या यादीत चीन बरीच वर्षं होता. म्हणजे आमच्या पोस्टमनकाकांच्या चार जिन्यांच्या चढउताराचा पूर्ण खर्च त्या दीडशे रुपयांत कधीच नव्हता.

मग दारं एकेक करून बंद होत गेली. १२ डिसेंबर २०१९ ला सरकारने भेट म्हणून येणाऱ्या पार्सलांवर बंदी घातली. अपवाद दोनच: जीवनावश्यक औषधं आणि राखी. राखी चालेल, पण राखीसोबतची भेटवस्तू चालणार नाही, हेही स्पष्ट लिहिलेलं. बाबांनी ती बातमी मला मोठ्याने वाचून दाखवली. "तुझे ते शेन्झेनवाले भाऊ आता राख्या पाठवणार का?" मग लॉकडाऊन आलं. १५ जून २०२० ला गलवान झालं, २९ जूनला ५९ अ‍ॅप बंद झाली आणि २४ नोव्हेंबरला आणखी ४३. त्या दुसऱ्या यादीत अलीएक्स्प्रेस होतं. आमच्या कंपूच्या ग्रुपवर त्या संध्याकाळी कोणीतरी फक्त हार घातलेल्या फोटोचा स्टिकर टाकला.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मात्र परदेशातून वस्तू मागवणं हा नाद राहिला नाही. वसाहतीतल्या लोकांचे मला फोन यायला लागले. "तू बाहेरून मागवतेस ना गं, ऑक्सिजनचं मशीन मागवता येईल का?" तेव्हा पहिल्यांदा मी कराचे दर नीट वाचले. स्वतःच्या वापरासाठी आणलेल्या कॉन्सन्ट्रेटरवर आयजीएसटीच २८ टक्के होता. १ मे पासून तो १२ टक्क्यांवर आणला. चौथ्या इमारतीतल्या काकांसाठी मी तीन रात्री साईट धुंडाळल्या. कुठेच लवकरची तारीख मिळेना. मशीन लागलंच नाही, कारण त्याआधी काका गेले. त्यानंतर बरेच महिने मी कुठलीही परदेशी साईट उघडली नाही.

२०२३ पर्यंत मी बीकेसीतल्या एका कंपनीत लागले होते. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ऑफिस असणं म्हणजे मुंबईत लॉटरीच. पण त्या वर्षी उजव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी कळ सुरू झाली. आधी संध्याकाळी यायची, मग दुपारी, मग सकाळी कुकरचं झाकण लावतानाही. फिजिओथेरपिस्टने मला टेबलावर टाईप करायची नक्कल करायला सांगितली आणि म्हणाली, "मनगटं बाहेरच्या बाजूला वाकवून तू रोज दहा तास बसतेस. हात खांद्याच्या रेषेत ठेवता येतील असं काहीतरी बघ. नाहीतर काम कमी कर." काम कमी कर, हे टीम लीडला सांगून बघा.

असं काहीतरी म्हणजे स्प्लिट कीबोर्ड. मधून दोन तुकडे केलेला, दोन्ही भाग हवे तेवढे लांब ठेवायचे. मी शोधलं तेव्हा भारतातल्या दुकानांत मला हवा तसा एकही स्टॉकमध्ये नव्हता. बाहेर एक माणूस घरच्या घरी असे कीबोर्ड बनवून विकत होता. किंमत ३२० डॉलर, कुरियर ४० डॉलर. ब्लूटूथवाला नाही, साधा वायरचाच घेतला, कारण बॅटरी आणि वायरलेस आले की भानगडी वाढतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या २०१६ च्या एप्रिलपासून प्रवासी विमानातून कार्गो म्हणून जात नाहीत, आणि वायरलेस उपकरणाला आपल्याकडे दूरसंचार खात्याची मंजुरी लागते.

पैसे भरले. दुसऱ्या दिवशी त्याची मेल आली. तुमच्या देशात आयात कर बराच आहे असं ऐकतो. इन्व्हॉइसवर कमी रक्कम लिहू का? बरेच ग्राहक सांगतात.

आता इथे तेव्हाचं गणित सांगते. कर फक्त वस्तूच्या किमतीवर लागत नाही. वस्तू, विमा आणि वाहतूक मिळून जी रक्कम होते तिच्यावर लागतो. समजा ती १०० रुपये आहे. सीमाशुल्क १० टक्के धरलं, तर १० रुपये. त्या १० वर समाजकल्याण अधिभार १० टक्के, म्हणजे १ रुपया. झाले १११. आता या १११ वर तेव्हाचा २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे ३१.०८. एकूण ४२.०८. करावर कर. वस्तू कुठल्या शीर्षकाखाली बसवली यावर दर बदलतो, पण आमच्या कीबोर्डवाल्या मंडळींना तेव्हा ४२.०८ हा आकडा पाढ्यासारखा पाठ होता.

३६० डॉलरचे ८३ च्या भावाने झाले २९,८८०. त्यावर कर साडेबारा हजार. वस्तूची किंमत ६० लिहिली तर कुरियर धरून १०० डॉलर, म्हणजे ८,३०० रुपये, त्यावर कर साडेतीन हजार. फरक नऊ हजारांचा.

मी त्याला उत्तर लिहिलं: हो, चालेल. साठ लिहा.

यावर मी तेव्हा फार विचार केला नाही, हे कबूल करते. सगळेच करतात. सरकार माझ्या मनगटावर ४२ टक्के लावतंय. भारतात मिळत असता तर इथेच घेतला असता. ही तिन्ही वाक्यं मला आजही पूर्ण चुकीची वाटत नाहीत.

पार्सल सहा दिवसांत मुंबईत आलं. सहारच्या कुरियर टर्मिनलवर. आमच्या घरापासून रिक्षाने अर्ध्या तासाच्या अंतरावर. आणि तिथेच थांबलं. अ‍ॅपवर रोज तेच: मुंबई, सीमाशुल्क तपासणी सुरू. आधार आणि पॅन देऊन झालं होतं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की विमान उतरलं म्हणजे वस्तू देशात आली असं नसतं. ती सहारच्या शेडमध्ये असते, पण कागदावर अजून बाहेरच असते. देशाची सीमा म्हणजे वाघा, सियाचीन असं डोक्यात असतं. माझी सीमा विलेपार्ल्याच्या पुढे होती.

वांद्रेकरांना याचं नवल वाटायला नको खरं तर. वांद्रे हे नावच बंदरावरून आलं असं म्हणतात. सतराव्या शतकात इंग्रजांना मुंबई बेट मिळालं, पण खाडीच्या अलीकडचं वांद्रे आणि सगळी साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. १७३७ ते ३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी ती घेईपर्यंत माहीमची खाडी ही दोन राज्यांमधली हद्द होती. आल्यागेल्या मालावरच्या जकातीवरून दोघांची भांडणं चालायची. आज त्या खाडीवरून जाताना सिग्नल सोडून दुसरं काही अडवत नाही. पण माल आला की कोणीतरी 'किंमत किती' विचारणार, हे या गावाला जुनंच आहे.

सातव्या दिवशी, शुक्रवारी रात्री कुरियर कंपनीची मेल आली. जाहीर केलेली किंमत वस्तूच्या मानाने कमी वाटते, असं सीमाशुल्क विभागाचं म्हणणं आहे. पैसे भरल्याचा पुरावा पाठवा. कार्ड किंवा बँकेचं स्टेटमेंट, आणि ऑर्डरच्या पानाचा स्क्रीनशॉट.

मी लॅपटॉप उघडला. ऑर्डरचं पान उघडलं. राइट क्लिक, इन्स्पेक्ट. ज्या ओळीत ३२० होतं तिथे ६० टाइप केलं. खाली बेरीज बदलली. हे मी ऑफिसात दिवसातून वीसदा करते, बटणाचा रंग बघायला, मजकूर मावतो का बघायला. सगळं मिळून दहा सेकंद लागली असतील. स्क्रीनशॉट इतका खरा दिसत होता की मलाच क्षणभर वाटलं, कीबोर्ड साठालाच घेतला. मग नेट बँकिंगचं पान उघडलं. तिथेही तेच करायचं होतं.

बाबा पाणी प्यायला उठले होते. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये रात्री कोणी लॅपटॉप लावला की उजेड सगळ्यांना असतो.

"एवढ्या रात्री काय?"

मी सांगितलं. का कोण जाणे, सगळं सांगितलं. साठसुद्धा. त्यांनी खुर्ची ओढली आणि स्क्रीनकडे बघत राहिले.

"हे तू केलंस? खोडाखोड दिसत नाही कुठे."

"खोडाखोड नसतेच यात, बाबा."

"आमच्यात असायची," ते म्हणाले. "शाई वेगळी, कार्बन वेगळा. माणूस घाईत असला की तारखेच्या खाली कागद खरवडलेला. त्यावरूनच पकडायचो." मग थोडं थांबून, "आणि तो टू-इन-वन माहितीये ना?"

टू-इन-वन म्हणजे शोकेसवरचा जपानी रेडिओ-कम-टेपरेकॉर्डर. मला आठवतं तेव्हापासून बंद. त्यावर आईने भरलेला रुमाल.

"एकोणनव्वद साली घेतला. मुसाफिरखान्यातून. नोकरीला वर्ष झालं होतं. तेव्हा बाहेरच्या मालावर ड्युटी काय असायची माहितीये? एक्याण्णवच्या बजेटमध्ये जास्तीत जास्त दर दीडशे टक्क्यांवर आणला, तर लोक म्हणाले किती स्वस्त केलं! दुकानात कोण घेणार? मुसाफिरखान्यात, नाहीतर मनीष मार्केटमध्ये, पोत्यातून काढून द्यायचे. मी विक्रीकर खात्यातला माणूस, आणि बिल मागितलं नाही. आठ महिन्यांनी मोटार गेली. दुरुस्तीला नेला तर त्याने विचारलं, बिल आहे का? परत आणला. ऑफिसमधलं कोणी घरी यायचं असलं की तुझी आई त्यावर रुमाल टाकायची. तो रुमाल त्यासाठी आहे."

मला हसू आलं. त्यांनाही आलं असावं, पण अंधार होता.

"मग मी काय करू?"

"मी कशाला सांगू? सही तुझी जाणार आहे. नऊ हजार थोडे नाहीत, मला कळतं." ते उठले. मग दाराशी थांबून म्हणाले, "आयजीएसटीतला वाटा राज्यालाही येतो हां. तुझ्या फिया त्यातूनच भरल्यात." आणि झोपायला गेले.

मी तो स्क्रीनशॉट लगेच डिलीट केला नाही. अर्धा तास बघत बसले. या सगळ्या खरेदीत मी कितीतरी बटणं दाबली होती. पत्ता, कार्ड, ओटीपी, अटी मान्य. एकातही माझ्याकडून खरं काय ते कोणाला हवं नव्हतं. फक्त पुढे जायचं होतं. पूर्ण व्यवहारात एकाच ठिकाणी एक माणूस विचारत होता: खरंच किती दिलेस? त्याला दहा सेकंदांत बनवलेला आकडा द्यायचा, की बँकेचा? चार वर्षांपूर्वी मी खोटे ट्रॅकिंग नंबर पकडायला स्क्रिप्ट लिहिली होती. आज माझ्याकडून आलेला नंबर पडताळणीत बसला नसता.

शनिवारी सकाळी खरं स्टेटमेंट पाठवलं, सोबत पत्र. पत्र बाबांनी सांगितलं, मी टाइप केलं. त्यांच्या इंग्रजीत 'नम्रपणे निवेदन' दर दोन ओळींनी येतं. विक्रेत्याने माझ्या संमतीने कमी किंमत लिहिली, खरी किंमत ही, त्यावरचा कर भरायला तयार आहे. "माझ्या संमतीने" हे शब्द मला काढायचे होते. ते म्हणाले, "तेच तर पत्र आहे."

याचं बक्षीस वगैरे मिळालं नाही. सीमाशुल्क कायदा १९६२ चा. त्याच्या १११ व्या कलमाप्रमाणे किंमत चुकीची जाहीर केली तर माल जप्तही होऊ शकतो. जप्त झाला नाही. खऱ्या किमतीवर कर, वर दंड, वर गोदामाचं भाडं. सगळं मिळून सोळा हजारांच्या वर गेलं आणि अजून तीन आठवडे लागले. आधीच खरी किंमत लिहिली असती तर साडेबारात आणि बहुधा आठवड्यात सुटलं असतं. त्याच महिन्यात माझ्या टीममधल्या एकाने पन्नास डॉलर लिहून तसाच कीबोर्ड मागवला. त्याला कोणी काही विचारलं नाही. त्याने तो माझ्या शेजारच्याच टेबलावर लावला. मला राग आला, खोटं कशाला बोलू.

पण एक गोष्ट त्यालाही माहीत नव्हती. पार्सल वाटेत हरवलं असतं, तर भरपाई जाहीर केलेल्या किमतीपर्यंतच मिळते. साठ लिहिले की साठ. आपण खोटं कस्टमला सांगतो असं वाटतं, पण तो आकडा विमा, कुरियर, सगळ्यांसाठी खरा होऊन बसतो.

माझ्या कीबोर्डची एक कळ सदोष निघाली. उजव्या हाताचं 'एन'. परत पाठवायचा तर निर्यातीचे कागद, परत येताना पुन्हा हीच खिडकी. बनवणाऱ्याने सांगितलं, सुटा स्विच पाकिटातून पाठवतो, बसव घरीच. भला माणूस. मेलच्या शेवटी त्याने विचारलं होतं, या वेळी किंमत काय लिहू?

मी लिहिलं, जी असेल ती.

एक डॉलर होती. आलं पाकीट. स्विच मी स्वतःच बदलला.

२०२४ मध्ये बाबा निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडावं लागलं. आईबाबा बदलापूरला गेले. मी इथेच, खेरवाडीत एका मैत्रिणीबरोबर भाड्याने राहते. सामान बांधताना बाबांची प्लास्टिकची फाइल निघाली. त्यात लाइटची बिलं, मिक्सरचं वॉरंटी कार्ड, माझ्या कॉलेजच्या फीच्या पावत्या, आणि सर्वांत वर माझ्या कीबोर्डची ड्युटी भरल्याची पावती, दंडासकट. टू-इन-वनही बदलापूरला गेला. तिथे शोकेसवर आहे, रुमाल मात्र आईने धुवून कपाटात ठेवलाय. आता ऑफिसमधलं कोणी येणार नाही.

अंगठ्याची कळ पूर्ण गेलेली नाही. पण हा लेख मी एका बैठकीत टाइप केला, आणि हात दुखत नाहीये.